रेवाचे चार पफ

शुभा,

रेवाच्या दम्याच्या पंपात चार पफ उरलेत आणि तू गेलीस. तुझ्याविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

शोकसभेत अर्थातच हे कुणी बोललं नाही. बाकी बरंच बोलले. त्यातली निम्मी बाई तुला ओळखू आली नसती. मंडळाच्या अध्यक्षांनी तुला 'परदेशात तेवणारी मराठीची पणती' केलं. तुझ्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असंही ते म्हणाले, आणि म्हणताना दोन्ही हातांनी तिचा आकार दाखवला. साधारण फ्रीजएवढी होती. तुझा फोटो मंडळाच्या सहलीतला होता. त्यात तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात राहून गेला होता, तो माझा. तुझ्या नावाने दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घ्यायचं जाहीर झालं. वक्तृत्व स्पर्धा! टाळ्या वाजल्या. तुझा नवरा दिलीप खाली बघत होता, आणि मी तुझ्याकडे बघून डोळे फिरवायला मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट होता.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं.

"वीणाताई, एक विनंती. ती जपानची गोष्ट आपण पुस्तिका करून छापू. शेवट तेवढा तुम्ही लिहून द्या. दोन पानं. मुलं सुखरूप परत येतात, बस्स."

"कशी येतात?"

"ते तुम्ही बघा हो. तुम्ही लायब्ररीत होतात."

लायब्ररीत मी पुस्तकं फडताळावर ठेवत होते, शुभा. लिहीत नव्हते. हा फरक तुझ्यासकट कुणालाच कधी मान्य नव्हता.

सुरुवात आठवते? आपल्या उपनगरातल्या, अवोन्डेलच्या त्या हॉलमध्ये आपण दोघी रविवारची मराठी शाळा चालवत होतो. नऊ मुलं. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा करार कुणी न करताच झाला होता. शेजारच्या चर्चमध्ये सामोअन बेटांवरची मंडळी अशी काही गायची की आपली बाराखडी ऐकूच यायची नाही, आणि खरं सांगायचं तर मुलांचाच काय, माझाही कान तिकडे असायचा. मग दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी तू बाजारातून थेट वर्गात आलीस. मेथीच्या दोन जुड्या टेबलावर टाकल्यास आणि म्हणालीस, "दप्तरं आणलीत? ओता सगळी इथे."

ओतली. काय निघालं त्यातून! काळं पडलेलं केळं, ओले टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन, ओमची एकच जँडल, इथली ती रबरी चप्पल, त्याचं रग्बीचं माउथगार्ड, माझ्याच जुन्या लायब्ररीचं चार महिने उशीर झालेलं पुस्तक, आणि नऊ वर्षांच्या रेवाचा निळा इन्हेलर. तिला दमा आहे. तू सगळ्याची यादी केलीस आणि गोष्ट सुरू केलीस. हॉलमधल्या घडीच्या खुर्च्यांचं कपाट ओमने उघडलं आणि वर्गातली चार मुलं आत पडली ती थेट चारपाचशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये, भाताच्या कोठारात. बाहेर सरदार एकमेकांचे किल्ले जाळत होते. मुलांकडे त्या दिवशी दप्तरात जे होतं तेवढंच होतं. हा नियम तू फळ्यावर लिहिलास: दप्तरात आहे तेच. दर रविवारी एक प्रकरण, वाचून दाखवायचं, आणि वाचताना कुणालाही अडवून प्रश्न विचारायची मुभा. फक्त मराठीत.

पहिल्या महिन्यातच पालकांची कुरबुर सुरू झाली. अध्यक्ष स्वतः आले, इस्त्रीच्या कुर्त्यात.

"वहिनी, जपानच कशाला? आपले मावळे काय कमी होते?"

"कमी नव्हते. म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"तिकडे पाठवलं तर मुलं प्रश्न विचारणार नाहीत, तुम्ही लोक उत्तरं द्याल. जपानात आपलं कुणी नाही. तिथे कुणी पडला तर नुसता माणूस पडलेला दिसतो."

ते हसले. तू विनोद केलास असं त्यांना वाटलं. पुढे ते सगळीकडे 'आपल्या वहिनींची निन्जाची गोष्ट' म्हणून सांगत राहिले. शोकसभेतही निन्जाच म्हणाले. दीड वर्षात तुझ्या गोष्टीत एकही निन्जा नव्हता.

माझी तक्रार वेगळी होती. आठवतं, तू मुलांना सांगितलंस की आपली गुपितं सामुराईंना कळू नयेत म्हणून आपापसात मराठीतच बोलायचं. ओमने लगेच पकडलं, "पण मावशी, दे डोन्ट नो इंग्लिश आयदर!" तू क्षणभर थांबलीस आणि म्हणालीस, गावात एक पोर्तुगीज पाद्री आहे, तो सामुराईंना सगळं जाऊन सांगतो, आणि त्याला इंग्रजी येतं. घरी जाताना गाडीत मी तुला छळलं. त्या काळातल्या पोर्तुगीज पाद्र्याला इंग्रजी कुठून येणार?

"ह्याला येतं," तू म्हणालीस.

"शुभा, इतिहासाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना. पण ओम आज पंचवीस मिनिटं मराठी बोलला, त्यालाही आहे. डावीकडे घे, तुझा माउंट वेलिंग्टनचा फाटा गेला की मागे."

मी पाद्र्याबद्दल हरले, ते मान्य. दुसऱ्या भांडणात मात्र मी हरलेले नाही, ते फक्त थांबलंय. दीड वर्ष चार मुलं लढाईत फिरतात आणि एकालाही काही होत नाही, ही फसवणूक आहे, असं मी म्हणत आले. तू म्हणायचीस, "ती माझी नाहीत, वीणा. उसनी आणलीयेत. उसनं भांडं फोडून परत देत नाहीत."

"मग लढाईत कशाला नेलंस? बागेत न्यायचं."

"बागेत कोण लक्ष देतं?"

आणि तरी त्या म्हाताऱ्या सैनिकाचं प्रकरण तूच लिहिलंस. त्याच्या गवताच्या चपलेचा पट्टा तुटलेला, ओमने त्याला आपली ती एकुलती जँडल दिली. तो एका पायात जँडल घालून ऐटीत चालला, मुलं हसून लोळली. पुढच्या रविवारी तो गोष्टीत नव्हता. ओमने विचारलं, "तो कुठे आहे?" चक्क मराठीत. तू वहीतून वर न बघता म्हणालीस, "जँडल सापडली." एवढंच. शेजारच्या चर्चमधलं गाणं नेमकं तेव्हाच संपलं. आयुष्यभर मी लढायांची जाडजूड पुस्तकं वाचली आहेत, पण इतकं कमी बोलून इतकं सांगणारं मला आठवत नाही. हे मी तुला सांगितलं नाही. मी म्हणाले, "बरं होतं आज." माझ्यातलं हे पुणं मला कधी पुसून टाकता आलं नाही.

रेवाच्या पंपाचं तू काय केलंस, ते मला उशिरा कळलं. तिला शाळेत सगळ्यांसमोर तो काढायची लाज वाटायची, म्हणून ती तो घरीच विसरायची. तू हॉस्पिटलात फार्मसिस्ट, तुझा त्यावर उपाय म्हणजे उपदेश असेल असं तिच्या आईला वाटलं. तू काहीच बोलली नाहीस. गोष्टीतल्या रेवाचा पंप नवा, म्हणजे दोनशे पफ. फळ्याच्या कोपऱ्यात आकडा. गोष्टीत ती पळाली, धुरात सापडली, की एक-दोन वजा. त्या जपानात औषधाचं दुकान नाही, नियम म्हणजे नियम. सगळा वर्ग तो आकडा राखायला लागला. "रेवाला पळवू नका, मावशी, स्लो चाला!" बघता बघता खरी रेवा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात मिरवायला लागली. उपकार केल्याचा आव न आणता उपकार करणं याला म्हणतात, आणि मंडळाने त्यासाठी ठेवली वक्तृत्व स्पर्धा.

मग तू आजारी पडलीस. 'पोट जरा बिघडलंय' पासून वॉर्डपर्यंत सहा आठवडे. आपल्याला दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि अर्थ कळणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहिला. डॉक्टरांनी औषध बदललं त्या दिवशी तू फक्त "अच्छा" म्हणालीस. मला तेव्हा कळलं नाही. तुला कळलं होतं, की हे बरं करायचं औषध नव्हे.

"रविवारी गोष्ट वाच," तू मला म्हणालीस. "एक प्रकरण तूच लिही. मुलांना सुटी नको."

मी लिहिलं. मन लावून लिहिलं, हेच तर दुर्दैव. किल्ला पेटलाय, मुलं डोंगर चढतायत, धूर. मला वाटलं, पालुपदासारखं काही हवं, म्हणून दर परिच्छेदाला रेवा थांबते, पंप तोंडाला लावते. आणि मोठा झटका आला तर सहा पफ घेतात असं मी इंटरनेटवर वाचलं होतं, म्हणून प्रत्येक मोठ्या चढाला सहा, मधे एखादा किरकोळ. मुलं पफ जपतात हे ऐकत होते, पण फळ्याच्या कोपऱ्यातला तो आकडा, तेव्हा त्रेचाळीस, मी कितीतरी रविवार नुसता पाहिला होता. मला वाटायचं, पुढच्या वर्गाला लागणाऱ्या खुर्च्या.

वाचता वाचता हॉलमध्ये काहीतरी बिनसलं. ओम उठून फळ्याशी गेला आणि पुसून पुसून आकडे लिहायला लागला. सदतीस. एकतीस. मी आपली जोशात. शेवटी वाचून झालं तेव्हा फळ्यावर चार होता.

"मावशी," ओम म्हणाला, "तू हीप्स वापरलेस. खूपच."

रेवाने आपल्या दप्तराचा बाहेरचा कप्पा बंद केला. चेनचा आवाज मला अजून येतो.

मी तशीच तुझ्याकडे आले आणि कबूल केलं. तू इतकी हसलीस की नर्स धावत आली. "सहा वेळा सहा! आणि वर तीन किरकोळ! वीणा, अगं मी दीड वर्ष थेंब थेंब जपून वापरलं!" तू डोळे पुसलेस. मग उशीला टेकलीस, छताकडे बघितलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते आलं, नवं काही सुचल्यावर यायचं ते.

"पण होईल," तू म्हणालीस. "बरं झालं उलट. मला माहितीये काय करायचं. ऐक, रेवा ना..."

तुला धाप लागली होती. आणि मी काय केलं? मी तुझा हात थोपटला आणि म्हणाले, "नंतर सांग. फार बोलू नकोस, दमशील."

आजाऱ्याला आपण सगळे हेच सांगतो. पुण्यात माझ्या आईला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं. भेटायला जायचं, लिंबू सरबत न्यायचं, आणि माणूस बोलायला लागलं की म्हणायचं, नंतर. तू माझ्याकडे बघितलंस. थोडं रागाने, पण तुझ्यात भांडायची ताकद नव्हती. "बरं," तू म्हणालीस. तू माझं ऐकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. बुधवारी सकाळी दिलीपचा फोन आला.

दिलीपने मला तुझी वही दिली. मी तीनदा वाचली. शेवटच्या पानावर तुझ्या त्या औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरात 'रेवा ४' आहे आणि खाली दोन रेघा. रेघा म्हणजे काय? ठरलं असं? की रागावलीस असं? मी दिलीपला विचारलं, तुला काही बोलली का ती. तो म्हणाला, "मला वाटलं तुला सांगितलं असेल. तू येऊन गेलीस की ती गोष्टीबद्दलच बोलायची." मग तो चहा ठेवायला उठला आणि ओट्यापाशी बराच वेळ नुसता उभा राहिला. मीही उठले नाही. दोन थकलेली माणसं आणि एक रिकामं पातेलं.

मागच्या गुरुवारी रेवाच्या आईचा फोन आला. रेवाला शाळेत धाप लागली, शिक्षिकेने पंप काढून हातात दिला, आणि तिने घेतला नाही. घरी आईने विचारलं तेव्हा म्हणाली, चारच उरलेत. "ताई, तिला कळतं हो गोष्ट वेगळी ते," आई म्हणाली. "मी तिला कपाटातले दोन नवे पंप दाखवले. ती म्हणते, आय नो. पण घेत नाही. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, ते ओरडले. समोर घेते, पाठ वळली की नाही. तुम्ही काही तरी कराल का?"

काही तरी. शुभा, मी तीन दिवस कागद घेऊन बसले. चिनी व्यापारी औषध घेऊन येतो, असं लिहिलं, फाडलं. एक वैद्य जडीबुटी देतो, फाडलं. तू असतीस तर हसली असतीस, आणि वाईट म्हणजे का हसलीस ते मला सांगितलं असतंस. कपाटाचं दार उघडतं आणि सगळे परत येतात, हेही लिहिलं. अध्यक्षांना आवडलं असतं. ते फाडायला मात्र जिवावर आलं.

परवा रविवारी मी रिकाम्या हाताने वर्गात गेले. चर्चमध्ये गाणं चालू होतं. मी उभी राहिले आणि मुलांना खरं ते सांगितलं. पुढे काय होणार ते मला माहीत नाही. शुभामावशीला माहीत होतं. ती सांगत होती, आणि मीच तिला थांबवलं.

मग ओम म्हणाला, "दॅट वॉज अ बिट डम्ब, मावशी."

"हो," मी म्हणाले.

"तुला माहीत नव्हतं ना, शी वॉज गोइंग टु डाय?"

"माहीत होतं. म्हणूनच नंतर म्हणाले."

हे वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलले. स्वतःशीही बोलले नव्हते.

मग मी विचारलं, की नवा पंप पाठवून देऊ का गोष्टीत. आपणच लिहिणार, कोण अडवतंय? नऊही मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी त्यांच्या देवळात चपला घालून गेले. "नियम," एक जण म्हणाली. "दप्तरात आहे तेच." तू पढवून ठेवलेली पोरं. त्यांनी मला सुटू दिलं नाही आणि खोटंही बोलू दिलं नाही.

तेव्हा रेवा बोलली. हळू, थांबत, आणि सगळं मराठीत. तिला एवढं येतं हे मला माहीत नव्हतं.

"मी बसेन."

"कुठे?"

"तिथेच. डोंगरावर. पळायचं नाही, भांडायचं नाही. बसलं की दम लागत नाही. मग पफ लागत नाही."

"आणि लढाई?"

"ती चालू दे. मी बसलेय ना."

"बाकीचे तिघं?"

"आम्ही पण बसू," ओम म्हणाला. "तिला टाकून कोण जाणार, काय राव!" हे 'काय राव' त्याने कुणाकडून उचललं ते सांगायला नको.

मी फळ्यावर लिहिलं, रेवा बसली. चार तसाच ठेवला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तिथली बसलीये, तिचे चार शाबूत आहेत. इथलीने घ्यायला हरकत नाही." तिने थोडा विचार केला. पंप काढला, हलवला, श्वास पूर्ण सोडला, आणि दोन पफ घेतले, मधे नीट थांबून. वर्गातल्या कुणीही तिच्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

काल अध्यक्षांचा फोन आला, शेवटाचं काय झालं. मी म्हणाले, मुलं बसली आहेत. "बसली आहेत म्हणजे?" म्हणजे बसली आहेत. खाली किल्ला जळतोय, दोन्हीकडच्या फौजा चढतायत, आणि वर डोंगरावर अवोन्डेलची चार मुलं मांडी घालून, हळू श्वास घेत बसली आहेत. ते म्हणाले, ताई, अशी पुस्तिका कशी छापणार? मी म्हणाले, मलाही तेच कळत नाहीये.

खरंच कळत नाही, शुभा. रेवा आता शाळेत लागेल तेव्हा पंप घेते, तिची आई म्हणते. तेवढं झालं, तेही तिनेच केलं. पण येत्या रविवारी ती मला विचारणार, किती वेळ बसायचं. फौजा थांबणार नाहीत, तू त्यांना थांबायला शिकवलेलंच नाहीस. मी अर्धं पान लिहिलंय. त्यात वारा आहे, धुराची दिशा बदलते, ओमला भूक लागते, आणि कुणीही उठत नाही. पुढच्या अर्ध्या पानाचं काय करायचं ते मला येत नाही, म्हणून मी त्यांना अजून थोडं बसवून ठेवलंय.